चाळीस नंबरची कांजी

नर्स म्हटलं की लोकांना इंजेक्शन आठवतं. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं मात्र वाटी आणि चमच्यात गेली. वॉर्डातल्या पोरी मला 'कांजीवाल्या सिस्टर' म्हणायच्या, आधी पाठीमागं आणि पुढं पुढं तोंडावरही. निरोप समारंभात हार घालताना आमच्या मेट्रनबाई म्हणाल्या, "यांनी इतकी कांजी घोटली, की एखादं मंगल कार्यालय चाललं असतं." सगळे हसले, मीही हसले. रिक्षातून घरी येताना मात्र वाटलं, आपण इतकी वर्षं नेमकं काय केलं हे त्या हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तरी ठाऊक असेल का? म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची नायगावकडची. नोकरी नांदेडला लागली आणि लातूरला संपली. मधल्या बदल्या, बढत्या आणि साहेबलोकांशी झालेली भांडणं यांत कुणाला रस असायचं कारण नाही. लातूरच्या दवाखान्यात माझ्या वाट्याला जो वॉर्ड आला तो लकव्याच्या पेशंटचा, आणि तिथंच मी काय ते शिकले.

लकवा हात-पाय घेऊन जातो हे सगळ्यांना दिसतं. तो घसाही घेऊन जातो हे दिसत नाही. आपल्या घशात दोन वाटा आहेत, पुढची श्वासाची आणि मागची अन्नाची. दर घोटाला श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं, घोट मागच्या वाटेनं खाली जातो, झाकण पुन्हा उघडतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. लकवा झालेल्या माणसाचं झाकणही पडतं, पण उशिरा. आणि पाणी कुणासाठी थांबत नाही. ते जिभेवरून सरळ पळतं आणि उघड्या वाटेनं छातीत उतरतं. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही. मग ताप चढतो, छाती घरघरायला लागते. नातेवाईक म्हणतात, लकव्यानं गेला. बऱ्याचदा तो माणूस पाण्यानं गेलेला असतो.

यावरचा उपाय ऐकायला फार सोपा आहे. पेशंटच्या तोंडात जे जाईल ते घट्ट करून द्यायचं. घट्ट पदार्थ जिभेवरून सावकाश सरकतो, तेवढ्यात उशिरा पडणारं झाकण पडून जातं. पेशंट सरळ बसलेला हवा, मान किंचित खाली हवी, घास लहान हवा. एवढंच. पण एवढंच सांगताना माझा घसा बसायचा.

कारण आपल्याकडं आजारी माणसाला पातळ द्यायचं असतं. बाळंतीण असो, तापकरी असो, म्हातारा असो, घरातली मोठी बाई पहिलं वाक्य हेच बोलणार, "पातळ काहीतरी द्या." पातळ म्हणजे हलकं आणि घट्ट म्हणजे जड, हे आपल्या बोलण्यातच इतकं मुरलंय की त्यावर कुणी विचार करत नाही. वरणाचं पाणी, पातळ भात, साखरेचा चहा, आणि काहीच नसलं तर तांब्याभर पाणी. अशा घरात मी जाहीर करायचे, की पाणी बंद, चहा बंद, वरणाचं पाणी बंद. अहमदपूरकडच्या एका आजीनं मला सरळ विचारलं होतं, "ज्याला गिळता येईना त्याला घट्ट द्यायला लावून राहिल्या तुम्ही. डोकं ठिकाणावर हाय का बाई?" मला राग आला नाही. म्हातारीचा हिशोब तिच्या जागी बरोबरच होता.

अशा वेळी मी एक ताट घ्यायचे. ताटाच्या एका कडेला पाण्याचा थेंब, त्याच्या बाजूला गोडेतेलाचा आणि त्याच्या बाजूला काकवीचा. मग ताट तिरपं करायचं. पाणी पोहोचलेलं असायचं, तेल अर्ध्या वाटेवर आणि काकवी अजून निघायच्या विचारात. "आता सांगा, तुमच्या झाकणाला वेळ कोण देतंय?" एवढ्यावर निम्मे लोक मान डोलवायचे. उरलेले निम्मे मी गेल्यावर तांब्या काढायचे.

हे असं का होतं, ते मला समजावून सांगितलं एका तरुण मॅडमनी. त्या वाचेचे आणि गिळण्याचे उपचार करायच्या, काही महिन्यांपुरत्या आमच्याकडं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, वाहणं म्हणजे एका थरानं दुसऱ्या थरावरून सरकणं. सरकताना थरांची आपसात जी ओढाताण होते, ती जितकी जास्त तितकं ते सावकाश वाहणार. पाण्याचे कण बारीक. ते एकमेकांना धरतात आणि लगेच सोडतात, म्हणून पाणी असं पळतं. तेलाचे कण लांबट, ते एकमेकांत अडकतात. काकवीत साखरेची इतकी गर्दी असते की पाण्याला हलायला जागाच राहत नाही. आणि कांजीचं म्हणाल तर पिठाचे दाणे कच्चे असताना बंद असतात, उकळी आली की ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि आतले लांब धागे भांडंभर पसरतात. त्या जाळ्यात पाणी अडकतं. कांजीतही पाणीच जास्त असतं हो, फक्त त्याचं पळणं बंद झालेलं असतं.

मॅडमनी माझा आणखी एक गैरसमज काढला. मी घट्ट आणि जड एकच समजत होते. त्या म्हणाल्या, तेल पाण्यापेक्षा घट्ट आहे, मग ते पाण्यावर तरंगतं कसं? मी जन्मभर फोडण्या दिल्या, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. ऊन झालं की तेच तेल पातळ होतं, कारण कण चळवळे होतात आणि एकमेकांवरची पकड सुटते. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो ती यासाठीच. म्हणून कांजी किती घट्ट आहे हे चुलीवर नाही बघायचं, पेशंटच्या तोंडात जाईल तेवढी निवल्यावर बघायचं. मोजायला आमच्याकडं सुई आणि दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज होती. खालचं भोक बोटानं दाबून ती कांजीनं भरायची, बोट काढायचं, दहापर्यंत मोजायचं आणि किती उरली ते बघायचं. ज्याची जशी तब्येत, तसा त्याचा घट्टपणा. बाजारात यासाठी तयार पूड मिळते, पण आमच्या वॉर्डात ज्वारीचं भाजलेलं पीठ होतं आणि ते उत्तम काम करायचं.

सगळेच गुण्यागोविंदानं खायचे असं नाही. उदगीरचे एक हॉटेलवाले होते, त्यांना चहावाचून करमेना. मी त्यांचा चहा पीठ लावून घट्ट केला आणि चमच्यानं भरवला. एक चमचा गिळून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या हॉटेलाला टाळं ठोकलंय. "सिस्टर," ते बोबड्या जिभेनं म्हणाले, "ही चहाची भाजी झाली. कोथमीर तेवढी राहिली बगा." पण ते बरे होऊन गेले, आणि पुढं आमच्या वॉर्डाला त्यांचा चहा यायचा. पातळ, वाफाळता, आलं घातलेला.

आता मिस्त्रींबद्दल सांगते. खरं म्हणजे हे सगळं त्यांच्यासाठीच लिहितेय.

नामदेव मिस्त्रींचं रेणापूरला रोडवर ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. साठीच्या आसपासचा, काळा, रुंद हाडाचा माणूस. उजवी बाजू पूर्ण गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं अर्धंमुर्धं कळायचं. त्यांच्याबरोबर त्यांची बायको गयाबाई आणि थोरली बहीण. बहिणीला सगळे आक्का म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी पाणी बंद म्हटल्यावर आक्कांनी हातातला तांब्या खाटेखाली न ठेवता तसाच छातीशी धरला.

"आजारी माणसाला पाणी बी देऊ नाहीत, म्हंजे दवाखाना हाय का जेल?" त्या म्हणाल्या. "आमच्या दारात आलेल्याला आधी पाणी देतोत आम्ही. दुश्मन असला तरी."

मी ताट काढलं. पाणी, तेल, काकवी. आक्कांनी ताटाकडं बघितलंही नाही. गयाबाई बघत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. हसायला लागले ते मिस्त्री. अर्ध्या तोंडानं, खर्रखर्र असं हसू. मग डाव्या हातानं त्यांनी ताटातल्या तेलाकडं बोट केलं आणि म्हणाले, "चाळीस." मग काकवीकडं बोट करून, "नव्वद." आणि पाण्याकडं बघून, "डिझेल."

मला काही उमजेना. गयाबाईंनी सांगितलं, "ऑईलचे नंबर हायती ते, सिस्टर. इंजिनात चाळीस नंबरचं टाकतेत, गिअरमदी नव्वद. त्यांचा जन्म गेला त्याच्यात."

दोन-तीन दिवसांत जीभ जरा वळायला लागल्यावर मिस्त्रींनी मला त्यांच्या गॅरेजचा धडा दिला. एक एक शब्द जोडत, मध्येच थांबत, गयाबाईंना दुभाषी करत. इंजिन नवं असलं की पातळ ऑईल चालतं. इंजिन झिजलं, आतल्या रिंगा गेल्या, की पातळ ऑईल फटीतून वर चढतं, जिथं जाऊ नये तिथं जातं, आणि ट्रॅक्टर निळा धूर मारायला लागतो. मग ऑईलचा नंबर वाढवायचा. एवढं सांगून त्यांनी आपल्या गळ्यावर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या रिंगा गेल्या." मी इतक्या जणांना झाकणाचं आख्यान लावलं असेल, पण ज्याचं त्यानं इतकं चटकन ओळखलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात कांजीला नंबर लागले. पोरी विचारायच्या, "सिस्टर, चार नंबरच्या खाटेला नव्वद ना?" मिस्त्रींची चाळीस नंबरची. चमचा वाकडा केला की धार तुटून थेंब थेंब पडेल इतपत. गयाबाई ती भरवायच्या. आणि मिस्त्री दर खेपेला वाटी संपली की डोळ्यांनी आक्कांच्या तांब्याकडं बघायचे. "एक घोट," ते म्हणायचे. "एकच." मी नाही म्हणायचे. ते मान वळवायचे. असा माणूस, की ज्यानं भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली इंजिनं खोलली, त्यानं एका घोटासाठी माझ्यासारख्या बाईपुढं डोळे ओले करावेत, हे बघणं सोपं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ते सुधारले. उजव्या पायाची बोटं हलायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर घसा येईल, मग हळूहळू पाणीही देता येईल. गयाबाईंनी हे मला दोनदा विचारून घेतलं. "पाणी पितील ना ते सिस्टर? आपल्या हातानं?" मी म्हणाले, पितील.

आणि ताप आला.

छातीत आवाज होता. फोटो काढला, फुफ्फुसाच्या तळाशी डाग. मी पहिला संशय आक्कांवर घेतला. त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "ह्या लेकराची शपथ, सिस्टर, थेंब न्हाई दिला." लेकरू म्हणजे साठीचे मिस्त्री. त्यांचं खोटं नव्हतं, ते त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. कांजी तर मी स्वतः करत होते, सिरिंजमध्ये भरून बघत होते, एकदम बरोबर. मग पाण्यासारखं काही छातीत गेलं कुठून?

मी त्या दिवशी गयाबाई भरवत असताना खुर्ची ओढून बसले. एरवी मला तेवढी सवड नसायची. त्यांनी चमचा भरला, आपल्या ओठाला लावला, चाखून बघितला, मग मिस्त्रींच्या तोंडात दिला. पुन्हा वाटीत चमचा. पुन्हा ओठाला. मिस्त्रींना अर्ध्या तोंडात चटका कळत नव्हता, म्हणून त्या प्रत्येक घास आधी स्वतःच्या ओठाला लावून बघत होत्या. तीन लेकरं त्यांनी अशीच भरवून मोठी केली होती. आपल्यात आई लेकराला असंच भरवते, त्यात वेगळं काही नाही. मिस्त्री सावकाश गिळत होते, वाटी संपायला बराच वेळ लागत होता. शेवटचे चमचे राहिले तेव्हा मी वाटी मागून घेतली आणि तिरपी केली.

तळाशी पाणी होतं. दुधट, पातळ, पळणारं पाणी.

खिरीची उष्टी वाटी ठेवून दिली की थोड्या वेळानं तिला पाणी सुटतं, हे कुठल्याही बाईला माहीत आहे. ते का सुटतं हे मॅडमनी एकदा सहज बोलता बोलता सांगितलं होतं. आपल्या लाळेत पीठ पचवणारा एक रस असतो. तो पिठाचे ते लांब धागे कातरतो. जाळं तुटतं, अडकलेलं पाणी मोकळं होतं. चमच्याबरोबर दर खेपेला थोडी थोडी लाळ वाटीत जात होती. सुरुवातीची कांजी चाळीस नंबरची होती आणि शेवटची डिझेल.

आता हे गयाबाईंना सांगायचं कसं? सांगितलं नाही तर त्या पुन्हा तसंच भरवणार. सांगितलं तर काय होईल ते मला कळत होतं. मी बराच वेळ औषधाची ट्रॉली उगाच इकडून तिकडं नेली. मग त्यांना व्हरांड्यात बोलावलं आणि जमेल तितकं कांजीवर ढकललं. म्हणाले, ज्वारीची कांजी अशी असते, तिला लाळ लागली की ती टिकत नाही, यापुढं दोन वाट्या आणि दोन चमचे घ्यायचे, एक चाखायचा, एक भरवायचा. ताप यामुळंच आला असं कुणी खात्रीनं म्हणू शकत नाही. लकव्यात नुसत्या पडून राहण्यानंही येतो. हे खोटं नव्हतं.

गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या तोंडानं झालं."

"तसं नाही गयाबाई."

"तसंच हाय. तुम्ही चांगल्या हाव म्हणून फिरवून सांगून राहिल्या."

त्या नळावर गेल्या आणि चमचा धुवायला लागल्या. मी ड्रेसिंगचं काम उरकून परत आले तरी त्या चमचा धूतच होत्या. त्यानंतर त्यांनी भरवणं सोडलं. वाटी आक्कांच्या हातात द्यायच्या आणि दाराबाहेर जाऊन बसायच्या. आक्कांच्या हातून मिस्त्री खाईनात. माझ्याही हातून नाही. तोंड घट्ट मिटून भिंतीकडं वळायचे. तापानं आधीच खचलेला माणूस, त्यात पोटात काही नाही. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणायला लागले.

मी शेवटी मिस्त्रींनाच सगळं सांगितलं. त्यांच्या कानाशी बसून, त्यांच्या भाषेत. म्हटलं, ऑईलमध्ये डिझेल उतरत होतं, चमच्यातून. गयाबाई आता घाबरल्या आहेत. त्या हात लावायला तयार नाहीत.

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, "बोलव."

गयाबाई आल्या, खाटेपासून लांबच उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी डावा हात हलवून जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं त्या दिवशी फारच जड झालं होतं, तरी प्रत्येक शब्द कळला.

"ऑईल बदल," ते म्हणाले. "मिस्त्री नको बदलू."

गयाबाई रडल्या, मग हसल्या, मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडं वळल्या, "द्या ती वाटी." दोन वाट्या, दोन चमचे. एका वाटीतली कांजी त्या चाखायच्या, दुसऱ्या वाटीतली भरवायच्या. माझी खात्री आहे, पुढचे सगळे दिवस त्या वॉर्डात त्यांच्याइतकं नीट कुणीच भरवलं नाही. नव्या पेशंटच्या बायकांना त्याच शिकवायच्या. ताप उतरला, डाग गेला. घसा मात्र डॉक्टर म्हणाले तितका आला नाही. घरी जाताना मिस्त्री काठी धरून उभे राहू शकत होते, पण पाणी अजून बंदच होतं. त्यांनी जाता जाता मला विचारलं, "कधी?" मी म्हणाले, "पुढच्या तपासणीला बघू." मला तेव्हा खरंच वाटत होतं, की पुढच्या तपासणीला देता येईल.

ते दोनदा तपासणीला आले. दोन्ही वेळा मी सिरिंजनं थेंबभर पाणी जिभेवर टाकून बघितलं, दोन्ही वेळा ठसका लागला. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलंही नाही. गयाबाईच म्हणाल्या, "असू द्या. आमचं चाळीस नंबर चांगलं चाललंय."

त्यानंतर त्यांना जीपमधून आणलं ते बेशुद्धीतच. दुसरा झटका आला होता, मोठा. डॉक्टरांनी तपासलं, फोटो बघितले, आणि गयाबाईंना आणि आक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करता येणार नाही, त्यांना त्रास होईल असं काही करू नका, आरामात असू द्या. गयाबाई हो हो म्हणाल्या. त्यांनी ऐकलं ते फक्त 'आरामात' एवढंच असावं, कारण लगेच त्यांनी पिशवीतून दोन वाट्या काढून टेबलावर मांडल्या.

दुपारचे तीन-चार वाजले असतील. मिस्त्रींचा श्वास मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. डोळे अर्धवट उघडे, ओठ कोरडे पडलेले. आक्कांना कळलं होतं. त्यांनी तांब्या उघडला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "गया, दोन थेंब पाणी घाल तोंडात."

गयाबाईंनी हात आडवा घातला. "न्हाई आक्का."

"आगं, असं करू न्हाई. पाण्यावाचून..."

"पातळ चालत न्हाई त्यांना. छातीत उतरतंय." आणि त्या आक्कांना समजावून सांगायला लागल्या. घशात दोन वाटा असतेत, झाकण असतं, ह्यांचं झाकण उशिरा पडतंय, पाणी थांबत न्हाई. माझे शब्द जसेच्या तसे, एकही न चुकता. एक हात खाटेच्या कडेवर आडवा धरलेला, जणू मागं लहान मूल आहे. "सिस्टरला इचारा पायजे तर," त्या म्हणाल्या.

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं.

मी बीपीचा पट्टा सोडवत होते. आयुष्यात इतक्या लोकांना मी पाण्याला नाही म्हटलं, तेव्हा कधी जीभ अडखळली नव्हती. मी पलीकडच्या खाटेपाशी उभ्या डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

"द्या गयाबाई," मी म्हणाले.

"काय? कांजी करून आणू?"

"कांजी नको. पाणी द्या."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं नव्हतं, आक्कांचं ऐकलं नव्हतं. पण मी पाणी द्या म्हणाले ते त्यांनी ऐकलं. खाटेवर आडवा धरलेला हात सावकाश खाली आला. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हंजे सिस्टर... आता..."

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी रडायला सुरुवात केली नाही. आक्कांच्या हातून तांब्या घेतला, वाटीत पाणी ओतलं, चमचा भरला. हात स्थिर होता. चमचा ओठांपाशी नेला आणि सवयीनं थांबून मला विचारलं, "किती देऊ?"

मी सांगितलं, "त्यांना पाहिजे तेवढं."

मग गयाबाई मिस्त्रींच्या कानाशी वाकल्या. "आवं," त्या म्हणाल्या, "पाणी हाय बगा. नुसतं पाणी."